८०–१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं? जुन्या गाडीतला दोष टप्प्याटप्प्याने असा शोधा

गाडी ७० पर्यंत गुण्यागोविंदाने चालते. ८० ओलांडलं की स्टेअरिंगला बारीक थरथर सुरू होते, ९० ला तळहातांना मुंग्या येतात आणि ११० च्या आसपास गेलं की पुन्हा सगळं शांत. माझ्या गाडीचं हे असं चार महिने चाललं होतं.

२०१२ सालची पेट्रोल हॅचबॅक मी जालन्यात जुनी घेतली. गावात फिरवताना काहीच जाणवलं नाही. पहिल्यांदा बीडला निघालो, वडीगोद्रीहून धुळे–सोलापूर महामार्गाला लागलो आणि मोकळा रस्ता मिळाल्याबरोबर स्टेअरिंग थरथरायला लागलं. पुढच्या चार महिन्यांत तीन वेळा अलाइनमेंट (चाकांची दिशा नीट करणं) केली, दोन टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्यांची चाकाकडची टोकं) बदलले, आणि एका गॅरेजने तर अख्खा स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायचा अंदाजखर्च लिहून हातात दिला. त्या कागदावरचा आकडा बघून मी थांबलो आणि दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "आधी सांगा, कधी थरथरते? ब्रेक मारल्यावर, रेस दिल्यावर, का नुसती पळताना?"

मला सांगता आलं नाही. चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही नीट पाहिलं नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर जवळ असेल तर निम्मे दोष गॅरेजमध्ये जाण्याआधीच बाद होतात. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत: आधी फुकटचे, मग थोड्या पैशांचे, शेवटी मोठ्या खर्चाचे. क्रम मोडू नका.

आधी एक इशारा

थरथर हळूहळू वाढत आलेली असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण ती आज अचानक सुरू झाली असेल, सोबत खडखड किंवा धपधप आवाज असेल, किंवा ३०–४० च्या वेगालाही गाडी डावी-उजवीकडे डुलत असेल, तर चाचणी घ्यायला जाऊ नका. चाकाचे नट ढिले झालेले असू शकतात किंवा टायर आतून सुटत चाललेला असू शकतो. चालत्या गाडीत असं झालं तर जोरात ब्रेक मारू नका. पाय हळूच काढा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि माणसं गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, बाकी कुठेही ११२.

१. काय काय लागेल

- हवेचा दाब मोजायचा गेज. गाडीत स्वतःचा ठेवा, पंपावरच्या गेजवर विसंबू नका.
- जॅक, चाकाचा पाना आणि निदान एक जॅक स्टँड. स्टँड नसेल तर गाडीखाली शिरायचं नाही, हातसुद्धा घालायचा नाही.
- चाकाला लावायला लाकडाचे दोन ओंडके. वीट दाबाखाली फुटते, ती नको.
- खडू, बॅटरी, जुना स्क्रू ड्रायव्हर, ताठ ब्रश, पाण्याची बादली.
- वही-पेन, आणि शेजारी बसून लिहिणारं कुणीतरी. गाडी चालवताना मोबाईलवर टिपणं घ्यायची नाहीत.
- टायरची बिलं, आधीच्या कामांची बिलं. आरसी, विमा, पीयूसी गाडीत असू द्या, कारण चाचणी महामार्गावर घ्यायची आहे.

२. थरथर कधी येते ते पकडा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच टाळतात.

पहाटे किंवा सकाळी लवकर निघा. रस्ता निवडताना जपून. आपल्याकडे काळ्या मातीवरचे डांबरी रस्ते दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखे होतात, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. अशा रस्त्यावर चांगली गाडीसुद्धा डुलते. त्या डुलण्याला थरथर समजू नका. समृद्धी महामार्गाचा रस्ता काँक्रीटचा आहे. तिथे सांध्यांवरून जाताना ठराविक लयीत टकटक येते, तीही गाडीची नाही, रस्त्याची. म्हणून एकाच रस्त्यावरच्या अनुभवावर निकाल देऊ नका. एक सपाट डांबरी तुकडा आणि एक काँक्रीटचा, दोन्हीकडे थरथर सारखीच आली तरच ती गाडीची.

उसाचा हंगाम असेल तर अंधारात अजिबात जाऊ नका. मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर कधी येईल सांगता येत नाही.

आता शेजारच्याला वही द्या आणि एकेक करून हे बघा:

अ) ६०, ७०, ८०, ९०, १०० अशा प्रत्येक वेगाला अर्धा मिनिट स्थिर चालवा. कोणत्या आकड्याला सुरू झाली, कुठे सगळ्यात जास्त होती, कुठे कमी झाली, ते लिहा. वेगमर्यादेच्या आतच राहायचं आहे. कारसाठी समृद्धीवर ती १२० आहे, इतर रस्त्यांवर पाटी बघा.

आ) थरथर हातात आहे का बुडाखाली? स्टेअरिंग हलतं तेव्हा बहुतेकदा पुढची चाकं. सीट आणि गाडीचा तळ थरथरतो, पण स्टेअरिंग शांत असतं, तेव्हा मागची चाकं, किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणारी लांब दांडी.

इ) ज्या वेगाला सगळ्यात जास्त थरथर आहे तिथे, मागेपुढे कुणी नसताना, सपाट सरळ रस्त्यावर क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा. फक्त चार-पाच सेकंद. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांच्या बाजूला. क्षणात गेली तर इंजिन, माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) किंवा ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना जोर पोचवणारी दांडी) यांच्या बाजूला. चावी बंद करायची नाही, हे पुन्हा सांगतो. इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टेअरिंग लॉक होतं.

ई) ९० वरून हलका ब्रेक लावून ५० पर्यंत या. थरथर फक्त आत्ताच आली का? मग थेट टप्पा ८.

उ) ५० वरून चौथ्या गिअरमध्ये जोरात रेस द्या. फक्त जोर लावतानाच हलते का? मग टप्पा ९.

मी चाचांच्या सांगण्यावरून हे केलं तेव्हा माझ्या वहीत आलं ते असं: "८२ ला सुरू, ९२ ला जास्त, १०८ ला जवळजवळ नाही. हातात. न्यूट्रललाही तशीच. ब्रेकचा संबंध नाही." वही बघून चाचा म्हणाले, "चाक आहे. रॅकला हात लावू नका."

वेग वाढल्यावर थरथर जाते कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. माझ्या गाडीचे टायर १६५/८० आर १४ आहेत. ९० च्या वेगाला असं चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. चाकाच्या कडेला एका जागी २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला त्याचा धक्का सुमारे अडीच किलोचा होतो, तोही सेकंदाला १३ वेळा. वेग निम्मा केला की धक्का चौथाईवर येतो, म्हणून गावात काही कळत नाही. आणि झोक्याला जसं त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो, तसं पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टेअरिंगची स्वतःची एक लय असते. चाकाचे धक्के त्या लयीला जुळले की थरथर वाढते, लय ओलांडली की ओसरते. दोष मात्र कुठेही गेलेला नसतो. "१२० ने चालवली की बंद होते" म्हणून कुणी त्यावर समाधान मानू नये.

३. हवा आणि टायर

हवा टायर थंड असताना मोजा, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली असताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा हा टायर सोसू शकेल तो जास्तीत जास्त दाब असतो, तो भरायचा नसतो. मे महिन्यात ४२–४३ अंशांत, दुपारी धावून आलेल्या गाडीत मोजलं तर दाब जास्तच दिसणार. तेव्हा हवा काढून टाकली की सकाळी टायर कमी भरतो.

पुण्याला नोकरी आणि गाडी गावाकडे अंगणात उभी, असं आपल्याकडे घरोघरी आहे. दोन-तीन महिने एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. अशी गाडी निघाल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटर थरथरते आणि टायर गरम झाल्यावर बरी होते. बरी झाली तर पैसे घालवू नका. नाही झाली तर टायर कायमचा बसला आहे.

आता टायर हाताने तपासा. तळहात टायरच्या रबरावरून पूर्ण गोल फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. वर-खाली खड्डे लागले तर शॉकअब्सॉर्बर गेलेला असण्याची शक्यता मोठी. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो-इन, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलं आहे. फक्त आतली कड खाल्ली असेल तर कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा कल.

बाजूच्या भिंतीला फुगा, म्हणजे आपल्या भाषेत टायरला पोट, आलेलं दिसलं तर विषय संपला. आतले धागे तुटलेले आहेत, टायर बदला, स्टेपनीतही ठेवू नका. आणि आतल्या बाजूची भिंत बघायला विसरू नका. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून फुगलेला असतो, आणि चाक काढल्याशिवाय ते दिसतच नाही.

टायरचं वय भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतं. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुनी गाडी घेताना एजंट "टायर नवे टाकलेत" म्हणतो तेव्हा हेच आकडे वाचा. सहा वर्षांपुढचा टायर महामार्गावर नेण्याआधी उतरवून आतून बघून घ्या. दहा वर्षांपुढचा वापरू नका, नक्षी कितीही शिल्लक असो. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. कारला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर असतील तर मी ते आधी काढायला सांगेन.

४. रिमच्या आतली माती

माझं इथे सापडलं.

पावसाळ्यात शेताकडे पांदण रस्त्याने गाडी नेली की काळा चिखल चाकाच्या आतल्या पोकळीत बसतो. बाहेरून धुताना तिथे पाणी पोचत नाही. दोन दिवस ऊन पडलं की त्याचा दगड होतो, आणि तो सगळीकडे सारखा बसलेला नसतो. एका बाजूला जाड थर, दुसरीकडे रिकामं.

चाचांनी पुढचं डावं चाक काढलं, जमिनीवर आडवं ठेवलं आणि बॅटरी आत मारली. आतल्या कडेला वीतभर लांब आणि बोटाएवढा जाड काळा पट्टा होता, इतका गुळगुळीत की मला तो रिमचाच भाग वाटला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकला तेव्हा त्याचा कोपरा खापरीसारखा उडाला. निघालेले सगळे तुकडे आम्ही कागदावर गोळा केले आणि शेजारच्या किराणा दुकानात तोलले. ११० ग्रॅम. चाक मशीनवर बॅलन्स करताना, म्हणजे त्याचं वजन सगळीकडे सारखं करताना, ५ ग्रॅमसाठी धडपडतात आणि इथे एका जागी ११० ग्रॅम बसले होते. तीन वेळा अलाइनमेंट करणाऱ्या एकानेही चाक काढून आत पाहिलं नव्हतं.

तुम्ही हे घरी करू शकता. एका वेळी एकच चाक काढा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून ओंडके. नट अर्धा फेरा सैल करा आणि मगच जॅक चढवा. माती आधी कोरडी खरवडा, मग भिजवून ब्रशने काढा. बॅलन्ससाठी चिकटवलेली वजनं, म्हणजे ते करड्या रंगाचे छोटे चौकोनी ठोकळे, ओढून काढू नका.

चाक निघालंच आहे तर हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, पृष्ठभाग आणि रिमची त्याला टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा खडा राहिला तर चाक तिरकं बसतं, आणि तिरकं बसलेलं चाक कितीही बॅलन्स केलं तरी थरथरतंच. हा दोष मशीनवर दिसत नाही, कारण मशीनवर चाक गाडीच्या हबवर नसतं.

बाहेरून आणून अलॉय व्हील टाकलेत का? मग मधलं भोक हबच्या मापाचं आहे का बघा. मोठं असेल तर मधे बसवायची रिंग मिळते, ती लावा.

नट लावताना तारा काढतो तसं समोरासमोर लावत जा, आधी हाताने, मग पान्याने, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर. किती कसायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर.

५. चाकं मागेपुढे बदलून बघा

माती काढूनही थरथर उरली तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावा, डावी डावीकडेच, उजवी उजवीकडेच. पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. थरथर हातातून निघून बुडाखाली गेली तर दोष त्या चाकांतच आहे, टायरमध्ये किंवा रिममध्ये. हातातच राहिली तर चाकं निर्दोष, आणि हब, सस्पेन्शन, शाफ्ट यांच्याकडे बघायचं. पंक्चरवाल्याकडेसुद्धा वीस मिनिटांत होणारं हे काम आहे, आणि याच्याएवढी खात्रीची चाचणी दुसरी मला माहीत नाही.

६. बॅलन्सिंग: मशीनसमोर उभे राहा

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर झिजतात, पण सहसा थरथरत नाही. बॅलन्सिंग म्हणजे चाकाभोवतीचं वजन सारखं करणं. थरथरीसाठी आधी बॅलन्सिंग करा. "दोन्ही सोबतच करून घ्या" म्हणतील, तेव्हा ठाम राहा. सस्पेन्शनमध्ये काही ढिलं निघालं तर ते बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावीच लागणार आहे.

दुकानात एसीत बसू नका. मशीनपाशी थांबा आणि हे बघा:

- जुनी वजनं सगळी काढली का? जुन्याच्या शेजारी नवं चिकटवत गेलेली चाकं मी पाहिली आहेत.
- चाक चढवण्याआधी रिमचं मधलं भोक आणि मशीनचा कोन पुसला का?
- रिमची मापं मशीनमध्ये नव्याने भरली का, का आधीच्या गाडीचीच ठेवली?
- वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवलं का? दोन्ही बाजूंना शून्य दिसेपर्यंत काम झालेलं नाही.

चाक मशीनवर फिरत असतानाच रिमच्या कडेकडे बघा. कड एका जागी स्थिर रेघ दिसायला हवी. ती आतबाहेर नाचत असेल तर रिम आउट, म्हणजे वाकलेली, आहे. मग टायरच्या माथ्याकडे बघा. तो वर-खाली उड्या मारत असेल तर टायरच्या आतला पट्टा सरकलाय किंवा टायर कडेवर नीट बसलेला नाही. अशा चाकाला वजनं लावून मशीन शून्य दाखवतं, पण गाडी थरथरतेच, कारण वजन सारखं झालं तरी आकार गोल झालेला नसतो. दुकानदाराला हे दाखवा. एका चाकाला ६०–७० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर "का लागतंय?" असं विचारा, नुसतं चिकटवू देऊ नका.

माझ्या गाडीत माती काढल्यावर थरथर पुष्कळ कमी झाली, पण पूर्ण गेली नव्हती. पुढच्या उजव्या चाकाचा टायर मशीनवर असाच उड्या मारत होता. तो बदलल्यावर स्टेअरिंग शांत झालं. जुन्या गाडीत दोन दोष एकत्र असणं नेहमीचं आहे. पहिला सापडला की शोध थांबवायचा नाही, फरक किती पडला ते वहीत लिहायचं आणि पुढे जायचं.

रिम वाकलेली निघाली तर लोखंडी रिमची कड ठोकून सरळ होते. न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यात आदळून ती बहुतेकदा आतल्या बाजूलाच वाकते. अलॉय रिम गरम करून सरळ करून देणारे भेटतात. तिला भेग असेल तर मी ती वेल्डिंग करून महामार्गावर नेणार नाही.

टायर नवा असून असा निघाला तर बिल घेऊन जिथून घेतला तिथे जा. बनावटीतला दोष ठरला तर कंपन्या उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने भरपाई देतात. बिल नसेल तर बोलणंच होत नाही.

७. ढिलेपणा तपासा

पुढचं चाक उचला, जॅक स्टँड लावा. एक हात चाकाच्या माथ्यावर, एक तळाशी धरून चाक हलवा. कटकट लागली तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा) किंवा हब बेअरिंग. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे ढिलं लागलं तर टाय रॉड एंड किंवा रॅक. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून वर-खाली पुन्हा हलवा: ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

बेअरिंगचा दुसरा पुरावा आवाजाचा. ६० च्या पुढे घूं घूं येतं आणि वळणावर कमी-जास्त होतं. चाक हाताने फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना स्पष्ट लागते.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, जुन्या गाडीत हमखास फाटलेले असतात. रबराला चिरा दिसतात, पहार लावून हलवलं तर आर्म मोकळा सरकतो. फाटके बुश स्वतः थरथर निर्माण करत नाहीत, पण चाकातली छोटीशी थरथर दाबायच्या ऐवजी जशीच्या तशी हातात आणून सोडतात.

८. फक्त ब्रेक मारल्यावर थरथर

पुढच्या डिस्क, म्हणजे ब्रेक ज्यांना पकडतो त्या चकत्या. पेडललाही पायात उड्या जाणवतील. डिस्क वाकडी झाली म्हणतात, पण बहुतेकदा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. कन्नडचा घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यावर डिस्क तापते, आणि खाली आल्यावर लगेच कुणी धुवायला पाणी मारतं. दोन्ही टाळा. उतारावर गिअर खालचा ठेवा.

दुसरं कारण कुणी सांगत नाही: हवेच्या गनने एक नट भरमसाठ आणि दुसरा कमी कसला तर डिस्कवर असमान ताण येतो. पंक्चर काढून आल्यानंतर ब्रेकची थरथर सुरू झाली असेल तर आधी नट सोडून पुन्हा सारखे कसा.

डिस्क लेथवर घासून घेता येते, पण किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली जात असेल तर नवीन, आणि दोन्ही बाजूंच्या सोबत. एकच चाक खूप तापत असेल, जळका वास येत असेल, तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा भाग, अडकलाय. तो मोकळा केल्याशिवाय नवी डिस्कही टिकणार नाही. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली टरटर येते ती एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, असते, तो दोष नाही.

९. रेस दिल्यावरच थरथर

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. बाहेरचा जॉइंट गेला तर पूर्ण वळण घेताना कटकट येते, आतला गेला तर जोर लावताना गाडी हलते. जॉइंटवरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर वेळ घालवू नका.

उभ्या गाडीतही, न्यूट्रलला, स्टेअरिंग थरथरत असेल तर इंजिन माउंट किंवा इंजिनाचं मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं. त्याचा चाकांशी संबंध नाही.

बोलेरो, सुमो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे फुलीच्या आकाराचे सांधे, बघा. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने नाही, पंचने खूण करून घ्या. जोडताना एक दात जरी सरकला तरी नवीन थरथर पदरात पडते.

१०. गॅरेजमध्ये काय सांगायचं

"गाडी व्हायब्रेट होते, बघा जरा" असं सांगू नका. वहीतलं वाचून दाखवा: कोणत्या वेगाला, हातात का बुडाखाली, न्यूट्रलला काय होतं, ब्रेकला काय होतं, चाकं बदलल्यावर काय झालं. मिस्त्रींना सोबत घेऊन त्याच रस्त्यावर एक फेरी मारा. जो फेरी मारायला तयार नाही आणि उभ्या गाडीवरूनच रॅक बदलायला सांगतो, त्याच्याकडून गाडी परत आणा. कोणताही भाग बदलायच्या आधी ढिलेपणा स्वतःच्या हाताने लावून बघायला मागा, आणि काढलेला जुना भाग परत घ्या.

एका वेळी एकच काम करून घ्या. चार भाग एकदम बदलले आणि थरथर गेली, तर कशाने गेली ते कळत नाही आणि तीन भागांचे पैसे उगाच जातात.

११. काम झाल्यावर

पुन्हा तोच रस्ता, तेच वेग, तीच वही. चाक काढलेलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट एकदा कसून बघा. टाय रॉड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्म बदलला असेल तर आता अलाइनमेंट करा.

आणि पावसाळ्यात शेतातून आलात की त्याच संध्याकाळी, चिखल ओला आहे तोवर, चाकाच्या आतून पाइपने पाणी मारा. बाहेरून नाही, गाडीच्या खालच्या बाजूने, चाक अर्धा अर्धा फेरा पुढे घेत, चारही चाकांना.